पाचवे शील आणि गिलानसेवा

पंचशीलातील पाचवे शील उपासकांना मुखोद्गत असते. परंतु त्यातील ‘पमादट्ठान’ या पदाचा विचार क्वचितच होतो. सुरा, मेरय व मज्ज ही पमादाची, म्हणजे स्मृती ढळण्याची, ठिकाणे होत. ज्याचे पाऊल घसरलेले नाही, त्याचे हे शील रक्षण करते. मात्र जो व्यसनात पूर्वीच रुतला आहे, त्याच्याविषयी संघाचे कर्तव्य कोणते? याचे उत्तर विनयपिटकातील गिलानाच्या, म्हणजे रुग्णाच्या, प्रकरणात मिळते, असे आम्हांस वाटते.

महावग्गाच्या चीवरक्खंधकात अतिसाराने पीडित, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले व मंचावर निजविले. तेथेच उत्तम शुश्रूषकाची पाच अंगे सांगितली आहेत: औषध सिद्ध करण्याची पात्रता, पथ्यापथ्याचे ज्ञान, लाभाची अपेक्षा न धरता मैत्रचित्ताने सेवा, मलमूत्र व वांती यांची किळस नसणे आणि योग्य वेळी धम्मकथेने धीर देणे. यात औषध प्रथम व धम्मकथा शेवटी येते, हे लक्षणीय आहे.

व्यसनाच्या बाबतीत हा क्रम उलटणे घातक ठरते. अनेक वर्षे रोज मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी सोडल्यास कंप, झटके व भ्रम उद्भवतात. प्रसंगी प्राणही जातो. म्हणून केवळ शपथ घालून त्यास घरात कोंडणे योग्य नव्हे. प्रथम वैद्यकीय उपचार हवेत. पुष्कळदा व्यसनामागे औदासीन्यासारखा मनोविकारही दडलेला असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे.

या सेवेचे उत्तम उदाहरण आपल्याकडेच आहे. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले. तेथे उपचारानंतर पाठपुरावाही केला जातो आणि व्यसनातून बाहेर आलेली माणसे इतरांचे समुपदेशन करतात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या चळवळीचे गट आपल्याकडेही चालतात. त्यांत शुल्क नसते, नाव गुप्त राहते आणि समदुःखी माणसेच एकमेकांना आधार देतात. कल्याणमित्रतेहून हे वेगळे ते काय?

विहारांनी रुग्णालयाची जागा घ्यावी, असे आमचे म्हणणे नाही. परंतु आठवड्यातून एक सायंकाळ अशा गटास सभागृह द्यावे, रुग्णासोबत केंद्रापर्यंत जाणारे दोन उपासक तयार करावेत आणि त्याच्या पत्नीला व मुलांना एकटे पडू देऊ नये, एवढे सहज शक्य आहे. पुन्हा घसरण होणे हा या आजाराचाच एक भाग आहे. त्यामुळे ‘शील मोडले’ म्हणून त्यास विहारापासून दूर करणे म्हणजे त्या गिलान भिक्खूला पुन्हा तसेच टाकून देणे होय. पाचवे शील त्याने पुन्हा ग्रहण करावे, अशी आपली इच्छा असेल, तर ते देणारी माणसे तोवर त्याच्याजवळ असली पाहिजेत.