डेसिमेट : दहातला एक

‘डेसिमेट’ या इंग्रजी क्रियापदाचा आजचा अर्थ ‘प्रचंड संहार करणे’ असा आहे. साथीने वस्ती किंवा रोगाने पीक मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले, की हा शब्द वापरतात. मूळ अर्थ मात्र नेमका होता : दहातल्या एकाला मारणे.

लॅटिनमध्ये ‘डेकेम’ म्हणजे दहा आणि ‘डेकिमुस’ म्हणजे दहावा. त्यावरून ‘डेकिमारे’ हे क्रियापद झाले. संस्कृत ‘दशन्’ आणि आपला ‘दहा’ हे शब्दही याच इंडो-युरोपीय कुळातले.

दहातल्या एकाला मारणे ही रोमन सैन्यातली शिक्षा होती. एखादी तुकडी रणातून पळाली, की तिच्यातल्या सैनिकांमध्ये चिठ्ठ्या टाकल्या जात. दहातल्या ज्या एकाचे नाव निघे, त्याला त्याच्याच सोबत्यांकडून सोट्यांनी ठार मारले जाई. उरलेल्यांना शिध्यात गव्हाऐवजी जव मिळे आणि तटबंदीबाहेर तळ ठोकावा लागे. पॉलिबियस या इतिहासकाराने हे सविस्तर लिहून ठेवले आहे. स्पार्टाकसच्या बंडाच्या काळात (इ.स.पू. ७३–७१) सेनापती क्रॅससने ही जुनी शिक्षा पुन्हा अमलात आणली. प्लुटार्कच्या म्हणण्यानुसार त्याने ५०० जणांतून ५० जणांना ठार केले.

आज दहाच्या हिशेबाचा आग्रह धरण्याचे कारण नाही, कारण शब्दाचा अर्थ वापराने ठरतो. एक पथ्य मात्र जरूर पाळावे. समूळ नाशासाठी हा शब्द वापरू नये, कारण त्यात मागे उरलेलेही गृहीत आहेत.