रात्रभर चालणारा लोड आणि सोळाचा एमसीबी

तीन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. विजेवरच्या मोटारीचा ३.३ किलोवॅटचा चार्जर घेतो १४ अँपिअरहून थोडा जास्त. आकडे जवळजवळ सारखे, म्हणून अनेकजण गिझरसारखाच १६ अँपिअरचा पॉइंट पार्किंगमध्ये काढून निर्धास्त होतात. फरक आहे तो वेळेचा. पाणी तापले की गिझरचा थर्मोस्टॅट प्रवाह तोडतो. गाडी मात्र तासन्‌तास तेवढाच प्रवाह घेत राहते.

अशा पॉइंटची राखण करतो तो एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा खटका. आजचा एमसीबी ज्या रचनेवर उभा आहे, तिचे पेटंट जर्मनीतील मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४मध्ये घेतले. त्यात दोन राखणदार असतात. शॉर्टसर्किट झाले की विद्युतचुंबक क्षणार्धात खटका पाडतो; घरगुती ‘सी’ प्रकारात त्यासाठी प्रवाह एमसीबीवर लिहिलेल्या आकड्याच्या पाच ते दहा पट व्हावा लागतो. थोडा जादा लोड ओळखण्याचे काम द्विधातूच्या पट्टीचे. ती तापून वाकते, पण सावकाश.

किती सावकाश, हे मानकातच लिहिले आहे. १६ अँपिअरचा एमसीबी १.१३ पट, म्हणजे १८ अँपिअरवर तासाभरात पडता कामा नये, १.४५ पट, म्हणजे २३ अँपिअरवर मात्र तासाच्या आत पडलाच पाहिजे. या दोहोंच्या मधल्या २० अँपिअरवर तो कधी पडेल, याची हमी नाही. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे १६ऐवजी २० अँपिअर वाहिले तर वायर दीडपटीहून जास्त उष्णता निर्माण करते, आणि साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते.

शिवाय एमसीबीचे हे आकडे ३० अंश तापमानाला धरून ठरवलेले असतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, उन्हातल्या बंद पेटीत, शेजारी आणखी तापलेले एमसीबी असताना तोच एमसीबी लिहिलेल्या आकड्याच्या आधीच पडू शकतो. मग ‘सोळाचा काढून पंचवीसचा बसवा’ असा सोपा उपाय केला जातो. वायर तीच राहते आणि तिचे संरक्षण जाते.

अमेरिकेच्या विद्युत संहितेत यावर स्पष्ट नियम आहे. तीन तास किंवा अधिक चालणारा लोड ‘सततचा’ मानायचा आणि वायर व ब्रेकर त्याच्या १२५ टक्क्यांवर ठरवायचे. म्हणून तिथे ३२ अँपिअरच्या चार्जरला ४० अँपिअरचा ब्रेकर लागतो. आपली मानके वेगळ्या धर्तीची आहेत, पण हा हिशेब आपल्यालाही उपयोगी आहे. १४ अँपिअरचे १२५ टक्के साडेसतरा होतात. म्हणजे सोळाच्या पॉइंटवर हा लोड रात्रभर चालवताना हाताशी काही शिल्लक उरत नाही.

एक धोका तर एमसीबीला दिसतच नाही. सॉकेटमधला स्क्रू सैल असेल तर प्रवाह वाढत नाही, फक्त तो सांधा तापतो. लहान लोडवर हे लक्षात येत नाही. सततच्या लोडवर प्लास्टिक करपते.

म्हणून चार्जिंगचा पॉइंट घेताना परवानाधारक वायरमनकडून घरातल्या डीबीपासून (डिस्ट्रिब्यूशन बोर्डापासून) स्वतंत्र तांब्याची वायर ओढून घ्या. वायरची जाडी तिची लांबी आणि लोडचे तास पाहूनच ठरवा. योग्य अर्थिंग आणि चार्जरला साजेसा आरसीसीबी, म्हणजे गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा खटका, बसवा. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. आणि एमसीबी वारंवार पडत असेल तर तो बदलण्याआधी तो का पडतो, ते शोधा.