कंबर दुखते? आधी गादी बघा

पनवेलकडे भाताची लावणी उरकली की घरोघरी एकच तक्रार, कंबर! मग कुणी सांगतं, "गादी सोड, जमिनीवर नीज." पण २००३ साली स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीनं जास्त आराम पडला.

घरची कापसाची गादी मध्ये खोलगट झाली असेल, तर आधी पिंजून, भरून घ्या. नवीच घ्यायची तर दुकानात दहा मिनिटं कुशीवर झोपून बघा. खांदा आणि खुबा थोडा रुतावा, कंबर मात्र खाली झुकू नये. लाजू नका, पैसे आपले आणि पाठही आपलीच!

पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर गादी बदलत बसू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.