फोनवर ‘स’ आणि ‘फ’ का मिसळतात?

पुण्यातल्या आयटी कंपन्या असोत की कॉल सेंटर, नोकरीसाठीची पहिली चाळणी बहुधा फोनवरच लागते. पण एक तांत्रिक गोष्ट उमेदवारांना सहसा कुणी सांगत नाही. पारंपरिक टेलिफोनवरून आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचतो. ‘स’ची शीळ बरीचशी त्याच्या वर असते, म्हणून तो ‘फ’सारखा ऐकू येतो. व्होल्टीईवर, म्हणजे ४जी नेटवर्कवरच्या कॉलवर, ही मर्यादा सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत जाते, पण ती सोय दोन्ही टोकांना हवी. तेव्हा स्पीकरफोन टाळा, वायरचा इअरफोन लावा. आडनाव आणि ईमेल अक्षर फोडून सांगा. ‘एस फॉर सातारा’ खुशाल म्हणा.

बायोडेटा, जाहिरात, वही समोर उघडी ठेवा. समोरासमोरच्या मुलाखतीत ही मुभा नसते, ती वाया घालवू नका. कॉल वेटिंग बंद. सध्याचा पगार आणि नोटीस पीरियड विचारतातच. उत्तर संपलं की थांबा. पलीकडची शांतता म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी टिपून घेत असतं.

नोकरीसाठी पैसे किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.