माणसाला माणसाचे औषध

गेल्या पोळ्यानंतरची गोष्ट. समुद्रपूरच्या माझ्या दवाखान्यात जवळच्या खेड्यातले एक पन्नाशीचे कास्तकार पत्नीसह आले. "काळजात धडधड होते जी, रातभर झोप नाही," एवढेच ते बोलले. ब्लडप्रेशर १६०/१०० होते, ईसीजी मात्र चांगला निघाला. ते बाहेर जाताच पत्नी हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे कोनाशी बोलतच नाहीत. यंदा पोळ्यालेबी बैल घेऊन गेले नाहीत, पोराले पाठवलं."

वाचकहो, माझ्या मते त्या दिवशीच्या तपासणीत सर्वांत महत्त्वाची माहिती हीच होती. का, ते सांगतो.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. वावरात पायाजवळ साप दिसला की मेंदूचा हुकूम सुटतो आणि ही ग्रंथी काही सेकंदांत ॲड्रिनॅलिन नावाचा रस रक्तात सोडते. छाती धडधडते, श्वास वाढतो. पाठोपाठ काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढते आणि स्नायूंना लागणारी साखर रक्तात येते. लढायला किंवा पळायला शरीर तयार होते. साप गेला की सारे पूर्वपदावर येते.

पण उधारी सापासारखी निघून जात नाही. कृषी केंद्राचे देणे, बँकेचे कर्ज, मुलीचे लग्न ही धास्ती महिनोन्‌महिने राहते आणि ग्रंथीला विसावा मिळत नाही. झोप उडते, रक्तदाब चढतो, मधुमेह असल्यास साखर आवरत नाही. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञांनी १९३६ सालीच दाखवले होते की थंडी, जखम, अतिश्रम असा कोणताही ताण उंदरांवर आला तरी ही ग्रंथी मोठी होते आणि जठरात व्रण पडतात.

माणसाच्या बाबतीत यात लाजेची भर पडते. जर्मनीतील ट्रियर येथील संशोधकांनी १९९३ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. परीक्षकांसमोर उभे राहून भाषण करायचे आणि मोठ्याने वजाबाकी करायची, एवढेच. तेवढ्याने लोकांचे कॉर्टिसॉल दोन ते चार पट वाढले! चार लोकांत मान खाली जाण्याची भीती शरीराला सापाच्या भीतीइतकीच खरी वाटते. म्हणून कर्जबाजारी माणूस चौक टाळतो, लग्नाला जात नाही.

आणि इथेच तो फसतो, कारण ताण उतरवणारी गोष्ट त्या चौकातच असते. अमेरिकेत २००६ साली १६ विवाहित स्त्रियांवर एक प्रयोग झाला. विजेचा सौम्य झटका बसणार असे सांगून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. पतीचा हात हातात असताना मेंदूतील धोक्याची खळबळ स्पष्टपणे कमी दिसली. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला.

हे मला उशिरा उमगले. बऱ्याच वर्षांपूर्वी एक तरुण कास्तकार पोटातल्या जळजळीसाठी तीनदा माझ्याकडे आला. तिन्ही वेळा मी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. घरचे, कर्जाचे काहीच विचारले नाही. चौथ्यांदा तो आला नाही. त्याने जीवन संपवल्याची बातमी आली. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो, "चार लोकांत शेवटचे कधी बसलात?" गरज वाटल्यास "जगणे नको असे वाटते का?" हेही स्पष्ट विचारतो. विचारल्याने तसा विचार मनात येतो, हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळा होतो.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना ऐकून घेण्याचे आणि धीर देण्याचे शिक्षण दिले, गरजूंना डॉक्टरांपर्यंत पोचवले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, ते दीड वर्षात सत्तावीस झाले.

तेव्हा आपण काय करावे? नेहमी पारावर दिसणारा माणूस दिसेनासा झाला, तर त्याच्या घरी जावे. उपदेश करू नये, कर्जाचा हिशेब विचारू नये. चहा घ्यावा, ऐकावे. झोप, जेवण, बोलणे दोन आठवड्यांहून अधिक बिघडले असेल तर डॉक्टरांकडे आणावे. मरणाची भाषा असेल तर त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. 'टेलिमानस'चा १४४१६ हा फोन चोवीस तास मोफत असून मराठीतही बोलता येते.

त्या कास्तकारांना मी रक्तदाबाची गोळी दिली आणि रोज संध्याकाळी धाकट्या भावासोबत चौकात बसायला सांगितले. महिन्याने ते दोघे सोबतच आले. रक्तदाब १४०/९० होता. कर्ज अजून तेवढेच आहे. पण झोप लागते, म्हणाले.