पाण्यातील रेणूंची वाटचाल

पेलाभर पाण्यात शाईचा एक थेंब अलगद सोडला, तर पाणी न ढवळताही तो हळूहळू सर्वत्र पसरतो. पाण्याचे रेणू क्षणभरही स्वस्थ नसतात. त्यांच्या धक्क्यांनी शाईचे कण इतस्ततः लोटले जातात. यास विसरण असे म्हणतात. विसरणाची चाल मोठी विचित्र! दुप्पट अंतर जाण्यास कणाला सरासरीने दुप्पट नव्हे, चौपट काळ लागतो. कारण जत्रेच्या गर्दीत सापडलेल्या वाटसरूप्रमाणे तो मागेपुढे ढकलला जातो. हा नियम आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडला.

पेल्यातील शाई डोळ्यांना दिसते. पण अणुभट्टीतील पाण्याचे काय? अनेक भट्ट्यांत ते सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते आणि ते उकळू नये म्हणून त्यावर वातावरणाच्या सुमारे १५० पट दाब ठेवतात. तेथील किरणोत्सर्गाने पाण्याचे काही रेणू फुटतात व हायड्रॉक्सिल नावाचे तुकडे निर्माण होतात. एक ऑक्सिजनचा अणू व एक हायड्रोजनचा अणू, एवढाच त्यांचा संसार. पण वृत्ती अतिशय उतावीळ. असे दोन तुकडे भेटले की हायड्रोजन पेरॉक्साइड बनते आणि ते धातूच्या गंजण्यास हातभार लावते. यास्तव त्या पाण्यात हायड्रोजन वायू मिसळून ठेवतात. तो हायड्रॉक्सिलला वेळीच गाठून त्याचे पुन्हा पाणी करतो. कोण कोणास आधी गाठेल, हे समजण्यास विसरणाची गती ठाऊक हवी.

तथापि अशा ठिकाणी क्षणजीवी तुकड्याचा माग काढणे महाकठीण! म्हणून शास्त्रज्ञ संगणकात एक काल्पनिक पेटी रचतात. तीत काही शेकडा रेणू ठेवून, ते एकमेकांस किती ओढतात व किती लोटतात याचा हिशेब करतात आणि न्यूटनच्या नियमानुसार प्रत्येकाला एक पाऊल सरकवतात. हे पाऊल केवढ्या काळाचे? एका सेकंदाचे एक अब्ज भाग करावे आणि त्यांतील एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करावे, सुमारे तेवढ्या! पेटीच्या एका भिंतीतून बाहेर पडलेला रेणू समोरच्या भिंतीतून आत येतो. त्यामुळे मूठभर रेणूंनाही अथांग पाण्यात असल्यासारखेच वागावे लागते.

हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान यांनी अमेरिकेत १९६४ साली द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंची, आणि १९७१ साली फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह पाण्याच्या २१६ रेणूंची अशी वाटचाल गणिताने काढली.

या पेटीतील पाणी तापविण्यास विस्तव लागत नाही. रेणूंचे वेग वाढविले की झाले. मात्र आरंभी साध्या पाण्याचे गणित करून ते प्रयोगशाळेतील मापनाशी ताडून पाहतात. ते जुळले नाही, तर बलांचे आकडे सुधारून पुन्हा पहिल्या पावलापासून प्रारंभ.