घरातील बिनतारी जाळे आणि दूरचित्रवाणी

भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गावाच्या वरच्या अंगाला तलाव, त्याच्या पाळीतील मोरी, मोरीतून पाटात आणि पाटातून धानाच्या बांधीत उतरणारे पाणी ही व्यवस्था येथील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची आहे. बांधी कोरडी दिसली म्हणून तो तलावाला दोष देत नाही. प्रथम पाट पाहतो, मग मोरी, आणि शेवटी तलावाकडे जातो. पाणी नेमके कोठे अडले हे कळल्यावाचून तो फावडे उचलीत नाही.

हाच शहाणपणा आता घरातील दूरचित्रवाणीलाही लागू पडतो. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा छपरावरील अँटेना नीट वळवला की चित्र दिसे. पुढे उपग्रहाकडे तोंड केलेली तबकडी आली. आता इंटरनेटवरून कार्यक्रम आणणारे, बोटाएवढे स्ट्रीमिंग यंत्र टीव्हीच्या पाठीमागे बसते. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ ही आपली इंटरनेट सेवा सुरू केली. मात्र हे यंत्र घरातील वाय-फायशी जोडताना अनेक कुटुंबे अडखळतात. मग तालुक्याच्या गावाहून कारागीर बोलावला जातो, त्याच्या येण्याजाण्याचा खर्च सोसावा लागतो, आणि प्रसंगी चांगले यंत्र बिघडले असे समजून नवे विकत घेतले जाते. हा खर्च बहुतेक वेळा टाळता येण्याजोगा असतो.

दोन स्वतंत्र दुवे

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कार्यक्रम टीव्हीपर्यंत दोन दुव्यांनी पोहोचतो. पहिला दुवा सेवा पुरविणाऱ्या कंपनीपासून घरातील राउटरपर्यंतचा. तो बहुधा काचेच्या तंतूचा असतो. दुसरा दुवा राउटरपासून स्ट्रीमिंग यंत्रापर्यंतचा. तो बिनतारी असतो व त्यालाच आपण वाय-फाय म्हणतो. राउटर ही मोरी, वाय-फाय हा पाट आणि टीव्ही ही बांधी. ‘वाय-फाय जोडले आहे, परंतु इंटरनेट नाही’ असा संदेश पडद्यावर आला, तर पाट ठीक असून पाणीच आलेले नाही, असा त्याचा अर्थ होतो.

जोडणीचा क्रम

यंत्र टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसवावे. वीज शक्यतो यंत्रासोबत आलेल्या ॲडाप्टरमधून द्यावी. टीव्हीच्या यूएसबी खाचेतून मिळणारी वीज पुष्कळदा अपुरी पडते आणि यंत्र वारंवार बंद पडते. त्यानंतर रिमोटने टीव्हीवर तीच एचडीएमआय खाच निवडावी. यंत्राच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क’ या सदराखाली आसपासच्या वाय-फायची नावे दिसतात. त्यांतून आपले नाव निवडून परवलीचा शब्द भरावा. इंग्रजी लहान व मोठी अक्षरे येथे भिन्न मानली जातात. निम्म्या तक्रारींचे मूळ तेथेच असावे. मूळ शब्द बहुधा राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवर छापलेला असतो.

भिंती, पितळ आणि लहरी

वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्‌झची सुमारे ६ सेंटिमीटर असते. पहिली भिंतीपलीकडे अधिक चांगली पोहोचते. दुसरी वेगवान, परंतु भिंतीने लवकर क्षीण होते. एके काळी आपल्या देशात रेडिओ संच बाळगण्यासही परवाना लागे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना मात्र केंद्र शासनाने २००५ मध्ये परवान्यातून सूट दिली आणि घरगुती वाय-फायचा मार्ग मोकळा झाला.

आपल्याकडील जुन्या घरांच्या मातीच्या भिंती जाड असतात व पावसाळ्यात ओल धरतात. पाणी या लहरी शोषून घेते, तर धातू त्या परतवितो. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. परंतु राउटर भांड्यांच्या फळीमागे वा लोखंडी कपाटात ठेवणे योग्य नव्हे. तो घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळा असावा. माजघरातील राउटर आणि ओसरीतील टीव्ही यांच्यामध्ये दोन भिंती येत असतील, तर २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडावा. टीव्हीच्या पाठीचा धातूही लहरी अडवितो. म्हणून यंत्रासोबत एचडीएमआयची आखूड वायर आली असल्यास ती लावून यंत्र थोडे बाहेर काढावे.

दोष कोठे, हे कसे ओळखावे?

यासाठी घरातील मोबाईल फोन पुरेसा आहे. फोनचा मोबाईल डेटा बंद करून तो वाय-फायला जोडावा आणि टीव्हीजवळ उभे राहून एखादी चित्रफीत लावावी. डेटा बंद करण्यास विसरू नये, अन्यथा परीक्षा फसवी ठरते. चित्रफीत सुरळीत चालली, तर दोष स्ट्रीमिंग यंत्रात वा त्याच्या मांडणीत आहे. ते बंद करून पुन्हा सुरू करावे आणि त्यातील तारीख व वेळ तपासावी. ती चुकीची असल्यास सुरक्षित जोडणी होत नाही. चित्रफीत टीव्हीजवळ अडते परंतु राउटरजवळ चालते, तर पाटात अडथळा आहे. राउटरची जागा बदलावी. ती राउटरजवळही चालली नाही, तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा लावावा. त्यानंतरही ‘एलओएस’ या अक्षरांजवळ तांबडा दिवा दिसत राहिल्यास बाहेरून येणारा तंतूच तुटला वा निखळला आहे. अशा वेळी यंत्र बदलून काहीही साधणार नाही. सेवा पुरविणाऱ्यास कळवावे.

फोनच्या हॉटस्पॉटवरही यंत्र जोडता येते, परंतु ते परीक्षेपुरतेच बरे. स्पष्ट चित्राच्या कार्यक्रमाला ताशी सुमारे ३ जीबी डेटा लागू शकतो. दिवसाला दीड-दोन जीबीची मर्यादा असलेला डेटा तासाभरातच संपेल.

सावधगिरी

जोडणी होत नाही म्हणून घाईने इंटरनेटवर मदत क्रमांक शोधणाऱ्यांना बनावट क्रमांक देऊन लुबाडण्याचे प्रकार घडतात. ‘यंत्र सुरू करण्याचे शुल्क’ कोणी मागितल्यास देऊ नये. कार्यक्रमांची वर्गणी वेगळी. यंत्र वाय-फायला जोडण्यास पैसे लागत नाहीत. फोनवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये, अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून फोनमध्ये ॲप घेऊ नये आणि मदत क्रमांक खोक्यावर छापलेलाच वापरावा. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

नवे साधन घरात येते तेव्हा त्याचे भय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पाटाच्या कडेने चालत जाऊन पाणी कोठे अडले ते शोधणाऱ्या माणसाला ही विद्या परकी नाही. दुवा दुव्याने पाहत गेल्यास दोष सापडतो, आणि गाठीचा पैसाही गाठीलाच राहतो.